ठाव एक्क्याण्णव

सहा वसाहतींत उंबरकोळचा पहिला नंबर आला, त्या दिवशी वृषाली नलवडेला स्वतःच्या हातानं पेढे वाटायचे होते. पण तिचा नवरा रणजित निम्मा डबा वाटेतच संपवून आला. धरणावर क्रेन चालवणाऱ्या माणसाला बातमी सगळ्यांआधी कळते, आणि बातमी पोटात ठेवणं रणजितला जन्मात जमलेलं नाही. उरलेले पेढे वृषालीनं सव्वीस घरांत अर्धे अर्धे करून पुरवले. अर्धा पेढा हातावर ठेवताना प्रत्येक दारात ती एकच वाक्य बोलत होती, "एक्क्याण्णव! आपल्या खालोखालची वसाहत एकाहत्तरावर हाय."

हे एक्क्याण्णव कशाचे, ते सांगायचं तर दहा महिने मागं जावं लागेल.

जांभळी धरणाच्या जुन्या भिंतीत पाणी मुरू लागलं होतं. दुरुस्तीला चौदा महिने लागणार आणि तेवढ्या काळात कधीही पाणी सोडावं लागेल, म्हणून धरणाखालची सहा गावं उठवून वरच्या सड्यावर, खडकाळ पठारावर, आणली. उंबरकोळ त्यातलं सगळ्यांत लहान, सव्वीस उंबऱ्यांचं. सड्यावर 'सुस्थळ' नावाच्या कंपनीनं सहा वसाहती उभ्या केल्या होत्या. घरं सजवून तयार. पलंग, गाद्या, कपाट, फ्रिज, शेगडी, पडदे, पायपुसणंसुद्धा. माणसानं अंगावरच्या कपड्यांनिशी यायचं आणि राहायला लागायचं. अट एकच होती, भिंतीला खिळा मारायचा नाही.

लोक आले, पलंगाच्या कडेला बसले आणि बसूनच राहिले. लग्नाच्या हॉलमध्ये वऱ्हाडाला खोली मिळते ना, तसं त्यांना वाटत होतं. सगळं आहे, पण पाय पसरायचा धीर होत नाही.

ते तसं होणार, हे कंपनीला ठाऊक होतं. म्हणून तर भिंतीत ठाव बसवला होता.

हा ठाव शोधला होता डॉ. मैथिली देवस्थळी यांनी. पहिल्याच आठवड्यात त्या स्वतः वसाहतीत आल्या आणि समाजमंदिरात सगळ्यांना जमवून त्यांनी तो समजावून सांगितला. बाई हुशार होत्या आणि त्यांना साधं बोलता येत होतं. या दोन गोष्टी एका माणसात सहसा सापडत नाहीत.

"भिंतीच्या आत बोटभर रुंदीची एक पट्टी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यातून न दिसणाऱ्या लहरी निघतात आणि तुमच्या अंगावर आपटून परत येतात. श्वासानं छाती हलते, हृदयाच्या ठोक्यानं कातडी अगदी केसाएवढी थरथरते. तेवढं त्या लहरींना पुरतं. पट्टीला तुमचा चेहरा दिसत नाही, बोलणं ऐकू येत नाही. फक्त ठोके कळतात. आता गंमत ऐका. दोन ठोक्यांमधलं अंतर नेहमी सारखं नसतं. परक्या जागी माणूस सावध असतो, तेव्हा ठोके कवायतीसारखे एका मापात पडतात. स्वतःच्या घरात आला की ते सैल होतात, श्वासाबरोबर मागंपुढं झुलतात. आम्ही चार हजार माणसं तपासली. स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडल्यावर दीड मिनिटात हे झुलणं सुरू होतं. झोपेत वेगळं असतं, देवळात वेगळं असतं. घरातलं ते घरातलंच. त्याला आम्ही शंभरपैकी गुण देतो. तो तुमचा ठाव."

"आन् आकडा कमी आला तर?" पाठीमागून कोणीतरी विचारलं.

"तर घर स्वतःला बदलतं. उजेड जरा पिवळा करून बघेल. वाऱ्याचा झोत कमी करेल. भिंतीतल्या नळकांड्यांतून शेणानं सारवल्याचा, धुराचा, भाजलेल्या ज्वारीचा वास सोडून बघेल. आकडा वाढला की ते लक्षात ठेवेल. तीन आठवड्यांत तुम्हाला वाटेल, आपण इथं वर्षानुवर्षं राहतोय."

वृषालीची नेमणूक याच कामासाठी होती. हुद्दा गृहसखी. बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आणि सव्वीसही घरांत चुलीपर्यंत जाऊ शकेल अशी गावात ती एकटीच होती. कोणत्या घराचा ठाव किती ते टॅबवर बघायचं, लोकांना बटणं शिकवायची, घर घरासारखं वाटावं म्हणून कोणी काय केलं ते नोंदवहीत भरायचं, हे तिचं काम. चाळिशीला आलेल्या वृषालीला आयुष्यात पहिल्यांदा गळ्यात ओळखपत्र मिळालं होतं, आणि ते ती स्वयंपाक करतानाही काढत नसे. सासऱ्यांनी एकदा विचारलंही होतं, "भाकरी ओळखत न्हाई व्हय तुला?"

हे सासरे म्हणजे सदोबा नलवडे, उंबरकोळचे गवंडी. गावातल्या सव्वीस घरांपैकी एकोणीस त्यांच्या हातची. वय अठ्ठ्याहत्तर, नजर अजून ओळंब्यात. नव्या घरात आल्याबरोबर त्यांनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवली आणि म्हणाले, "पोकळ हाय." एवढं बोलून ते दोन दिवस गप्प बसले.

सदोबांची एक सवय अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होती. भिंत उभी झाली की ते ओळंबा लावून बघत, आणि ती सरळ असली तर तळहातानं दोनदा थोपटून पुढच्या कामाला लागत. तोंडानं कौतुक नाही. "चांगली झाली" हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. रणजित लहानपणी दहावी पास होऊन आला, तेव्हा त्याच्या पाठीवर ती दोन थोपटणी पडावी म्हणून पोरगं दिवसभर त्यांच्या मागंमागं फिरलं होतं. पडली नाहीत. सत्तेचाळीस टक्क्यांची भिंत सदोबांच्या लेखी कललेलीच असणार.

तिसऱ्या दिवशी सदोबा उठले आणि वसाहतीच्या फाटकावरच्या साहेबाकडे गेले. रोज सकाळी दहा ते एक गावात जायचा एक पास मिळत असे. कोणाचं काही राहिलं असेल तर आणावं म्हणून. पहिले दोन दिवस त्यासाठी नुसती झोंबाझोंबी झाली होती. सदोबांनी परत येऊन गावाला हुकूम सोडला.

"रोज एक घर खाली जाईल. विहिरीपासनं वळीनं. ज्याची राखण असंल त्यानं समद्या गावाची अंगणं झाडायची, मारुतीला दिवा लावायचा आन् आपल्या घराची दारं-खिडक्या तासभर उघडून बसायचं. मोकळं घर रुसतं. येताना घरातली येकच चीज वर आणायची. पुढच्या राखणीला ती जागच्या जागी नेऊन ठेवायची, मग दुसरी आणायची."

"परत कशाला न्यायची, तात्या?" तरण्या पोरांनी विचारलं.

"घर म्हनंल, मला लुटाय लागल्यात."

राखण सुरू झाली. सव्वीस घरं म्हणजे दर सव्विसाव्या दिवशी एकेकाची राखण. यमुनाकाकूंनी पाण्याचे हंडे ठेवायची घडवंची आणली. सपकाळांनी दाराची पितळी कडी उपसून आणली आणि फ्रिजच्या दांडीला बांधली. ती वाजली की त्यांच्या म्हातारीला कोण आलं ते कळे. धोंडीरामनं शिंकाळं आणलं, पण टांगायचं कुठं? खिळा मारायचा नाही! मग सदोबांनी आपली बांधकामाची दोरी काढली, कपाटाच्या माथ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत ताणून अशी बसवली की भिंतीला नखही लागलं नाही. आठवड्यात सव्वीसही घरांतून तशी दोरी गेली आणि तिच्यावर गावातून आलेली टांगण्याजोगी एकेक वस्तू येऊनजाऊन राहू लागली. नलवड्यांच्या दोरीला पहिल्याच राखणीत सदोबांचा ओळंबा लटकला.

वृषाली हे सगळं इमानेइतबारे नोंदवत होती. नोंदवहीत 'घरातून आणलेली वस्तू' असा रकाना नव्हता, म्हणून ती ते 'सजावट' या रकान्यात लिही. आणि लिही ती शनिवारी, बाजाराच्या दिवशी. उंबरकोळात साऱ्या गोष्टी बाजाराच्या दिवसाच्या हिशोबानं चालतात. पोरगं कधी जन्मलं असं विचारलं तरी "पाडव्याच्या म्होरल्या बाजाराला" असंच उत्तर येतं. तेव्हा आठवडाभर आलेल्या सात वस्तू ती शनिवारी एका बैठकीत भरून टाकायची. सातही वस्तूंवर तारीख एकच. त्यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही.

तर असे ते एक्क्याण्णव.

पेढे वाटून झाल्यावर चौथ्या दिवशी दोन कागद आले. एकावर वृषालीचं अभिनंदन होतं. कंपनी तिला सहाही वसाहतींची मुख्य गृहसखी नेमणार होती, पुण्यात राहायला जागा देऊन. दुसरा कागद फाटकावर चिकटवला गेला. तो प्रांतसाहेबांच्या जनसुनावणीचा होता.

रणजितनं तो मोठ्यानं वाचला. धरणाच्या नव्या सांडव्याचं पाणी झेलायला खाली मोठा तलाव लागणार होता, आणि त्यासाठी सोयीची जागा उंबरकोळची होती. स्थलांतर कायमचं करावं असा कंपनीचा अहवाल होता. कारण दिलं होतं: गाव सोडण्याआधी घरोघर फिरून मोजलेला लोकांचा ठाव चौऱ्याऐंशी, आणि वसाहतीत एक्क्याण्णव. या लोकांना आपल्या जुन्या घरांपेक्षा इथं जास्त घरच्यासारखं वाटतं. त्यांना परत पाठवणं म्हणजे त्यांच्यावरच अन्याय.

फाटकापाशी एकेकानं मान वळवून वृषालीकडं बघितलं, आणि त्या बघण्यापेक्षा कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

घरी रणजित म्हणाला, "खरं सांगू का? इथं काय वाईट हाय? चोवीस तास पाणी, डांबरी रस्ता. तुला पुण्याची नोकरी. दगडापेक्षा वीट मऊच की."

"वीट मऊ असती रं," सदोबा कोपऱ्यातून बोलले. "पण घराच्या पायात दगडच घालावा लागतो." मग सुनेकडं न बघता ते म्हणाले, "पाण्यानं न्हाई बुडलं आपलं गाव. तुझ्या आकड्यानं बुडलं."

वृषाली ताटावरून उठली. तिला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. हा आकडा तिचा होता. दहा महिने घरोघरी फिरून, यमुनाकाकूंना बटणं शिकवून, सपकाळांच्या म्हातारीच्या खोलीतला उजेड तीनतीनदा बदलून तिनं तो मिळवला होता. आणि आता तोच आकडा घेऊन कोणी तिच्याच दारात उभं राहावं? आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला म्हणावं, तर धोंडाही किती दिमाखानं उचलला होता!

सकाळ होताच ती टॅब घेऊन बसली. कंपनीला महिन्याची सरासरी जात असे. रोजचे आकडे वसाहतीतच राहात आणि मागं जाऊन ते कोणी ताडून बघत नसे. तिनं स्वतःच्या घराचे उघडले. रेघ सरळ नव्हतीच. एकदम सत्त्याण्णववर चढायची, मग रोज थोडी थोडी उतरत पंच्याऐंशीपर्यंत यायची, की पुन्हा टुणकन सत्त्याण्णव. करवतीच्या दातांसारखी. सपकाळांची तशीच. धोंडीरामचीही तशीच, पण दात वेगळ्या दिवशी. नोंदवही ताडून बघावी तर तिथं सगळे शनिवारच शनिवार. तिनं कपाळावर हात मारला.

इस्त्रीचे कपडे ठेवायला म्हणून तिनं सासऱ्यांचं कपाट उघडलं, एरवी ते त्याला कोणाला हात लावू देत नसत, आणि दाराच्या आतल्या बाजूला तिला गेरूच्या रेघा दिसल्या. भिंतीला धक्का लावायचा नाही म्हणून सदोबांनी कपाटाचं दार धरलं होतं. एका मापाच्या उभ्या रेघा, सव्वीसांच्या ओळी. प्रत्येक रेघेच्या डोक्यावर त्या त्या घराची खूण: घडवंची, कडी, शिंकाळं, ओळंबा. मधेच एका ठिकाणी बारा आडव्या रेघा होत्या, त्यांच्यावर खूण नव्हती.

"मामा, हे काय हो?"

"राखण. कुनाची कवा झाली ते नगं का ध्यानात ऱ्हायला?"

"आन् ह्या आडव्या बारा?"

"धरणावर सुरुंग लावत हुते तवा पास बंद हुता की. बारा दिस गाव वाऱ्यावर."

वृषाली तिथंच फरशीवर बसली. टॅब मांडीवर, दार डोळ्यांपुढं. एकेक रेघ मोजून ती तारीख काढू लागली. नलवड्यांची राखण, आणि त्याच संध्याकाळी सत्त्याण्णव. सपकाळांची राखण, त्याच संध्याकाळी अठ्ठ्याण्णव. सव्वीस घरं, अकरा ओळी. स्वयंपाक रणजितनं केला आणि तो खारट झाला. तिला चव कळलीच नाही.

बारा दिवसांची गोष्ट तिला चांगली आठवत होती. तेव्हा सगळ्या वसाहतीचा ठाव त्र्याऐंशीवर घसरला होता. तिनंच घाबरून कंपनीला कळवलं होतं की वासाच्या नळकांड्या शिळ्या झाल्या, नव्या पाठवा. नव्या आल्या, ठाव वर गेला, आणि कंपनीनं ते नळकांड्यांच्या नावावर मांडलं. आता ती रोजचे आकडे बघत होती. नळकांड्या सव्वीसही घरांत एकाच दिवशी बसल्या होत्या. ठाव मात्र एका दिवशी एकाच घराचा चढला होता. विहिरीपासून ओळीनं.

मैथिलीबाईंना आधी फोन करावा असं तिच्या मनात आलं. पण आकडा चार लोकांत वाचला जाणार होता. खोडायचा तर तोही चार लोकांतच.

सुनावणी सकाळी अकराला समाजमंदिरात होती. प्रांतसाहेब मधे, बाजूला मैथिलीबाई, भिंतीवर पडदा. मैथिलीबाईंनी अहवाल मांडला आणि मनापासून मांडला. उंबरकोळसारखी वसाहत आपण देशात कुठंही पाहिली नाही, असं त्यांनी सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि याचं सगळं श्रेय वृषालीताईंना जातं. त्यांनी पुढं यावं." एका माणसानं शाल तयार ठेवली होती.

वृषाली पुढं आली. ओळखपत्र तिनं सरळ करून घेतलं.

"मॅडम, शाल थांबवा जरा. एक्क्याण्णव हा आकडा खरा हाय. मीच मिळवलाय आन् त्यात एक गुण लबाडीचा न्हाई. पण तो कशाचा, ते तुमच्या अहवालात चुकलंय. आन् ते माझ्या हातनं चुकलंय."

तेवढ्यात मागं धडपड ऐकू आली. सदोबा कपाटाचं अख्खं दार डोक्यावर घेऊन आत येत होते.

"अहो आजोबा, ते कंपनीचं कपाट आहे!" शालवाला ओरडला.

"ठावं हाय. माघारी बसवून देतो. बिजागरी तुमच्या मिस्त्रीनं वाकडीच बसवलीती, तीबी सरळ करतो."

दार टेबलाला टेकून उभं राहिलं. वृषालीनं पडद्यावर रोजच्या रेघा लावल्या आणि एक बोट पडद्यावर, एक दारावर ठेवून सांगत गेली. कोणत्या दिवशी कोणाची राखण. कोणत्या संध्याकाळी कोणाचा ठाव चढला. शनिवारच्या नोंदी का खोट्या तारखेच्या. पास बंद असताना काय झालं आणि नळकांड्या बसल्यावर काय झालं नाही.

"त्याच नळकांड्या बाकीच्या पाच वसाहतींत बी बसल्या," ती म्हणाली. "तिथं पयले तीन आठवडे ठाव चढला आन् मग उतरत उतरत एकाहत्तर, अडुसष्ट. त्यांच्या भिंती कमी हुशार न्हाईत, साहेब. त्यांच्यात राखण न्हाई. ही घरं आम्हाला घरासारखी वाटतात ती खाली घर हाय म्हणून. तिथनं घडवंची वर येती, परत जाती. जाऊन माणूस बघून येतं की भिंत उभी हाय, दिवा लागलाय. मग हितं येऊन निवांत झोपतं. तुम्ही खालचं गाव पाण्यात घातलं, तर हे एक्क्याण्णव सव्वीस दिवसांत वाहून जातील. घडवंची ऱ्हाईल, पण मग ती नुसती सजावट."

"आणि गावात मोजलेले चौऱ्याऐंशी?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"ते कवा मोजले, साहेब? हातात नोटीस पडल्यावर. गाडीत गाठोडी चढत होती आन् ह्यांची माणसं दारोदार ठोके मोजत होती. लेक सासरी निघताना आईला विचारायचं व्हय, बाई घरात कसं वाटतंय?"

मागच्या बाया हसल्या, आणि हसता हसता दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला.

प्रांतसाहेब मैथिलीबाईंकडं वळले. त्या खुर्चीतून केव्हाच उठल्या होत्या. दारापाशी वाकून गेरूच्या रेघा त्या एकेक करून मोजत होत्या, पडद्याकडं बघत होत्या, पुन्हा मोजत होत्या. मग त्या ताठ उभ्या राहिल्या.

"साहेब, मी अहवाल मागं घेते," त्या म्हणाल्या. "घराला माणूस कळावा म्हणून मी बारा वर्षं घालवली. पण एका घराचा ठाव दुसऱ्या घरात असू शकतो, हे आम्ही मोजायचाच विचार केला नव्हता. हे इथं एका गवंड्यानं गेरूनं मांडून ठेवलंय आणि एका गृहसखीनं वाचलंय." मग त्या सदोबांना म्हणाल्या, "आजोबा, या दाराचा फोटो घेऊ?"

"घ्या की. पण दार देणार न्हाई. अजून चार म्हैन्यांच्या रेघा ऱ्हायल्यात."

प्रांतसाहेबांनी तिथं निकाल दिला नाही. साहेब लोक असा देत नसतात. पण पंधरा दिवसांनी कागद आला: तलाव दोन मैल पुढं, सरकारी पडीक जमिनीत होईल, उंबरकोळ चौदा महिने भरताच परत जाईल. त्या संध्याकाळी रणजितनं पेढ्याचा डबा झाकण न उघडता घरी आणला. एवढं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केलं. बायकोपुढं डबा ठेवून तो म्हणाला, "तू वाट. आख्खा आख्खा." आणि मग म्हणाला, "मी चुकलो हुतो गं."

पुण्याच्या नोकरीचं पत्र मैथिलीबाईंनी पुन्हा पाठवलं. वृषालीनं उलट टपाली कळवलं, काम करीन, सहाही वसाहती फिरेन, पण मुक्काम उंबरकोळला. आणि नोंदवहीत आधी एक रकाना वाढवा. तो वाढला. आता देशात जिथं जिथं सुस्थळची घरं उभी राहतात, तिथल्या नोंदवहीत 'सजावट'च्या वर एक ओळ छापलेली असते: घरून आणलेलं, परत न्यायचं. पुढं रोजच्या रोज तारीख घालायची सूचना आहे. ती उंबरकोळच्या कृपेनं आहे, हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. वृषालीला ठाऊक आहे, आणि ती पाहुण्यारावळ्यांना सांगायला चुकत नाही.

परत जायच्या दिवशी वसाहत रिकामी करून शेवटी तीच निघाली. सदोबांनी कपाटाचं दार आदल्या दिवशीच जागेवर बसवलं होतं, बिजागरी सरळ करून. रेघा पुसल्या नव्हत्या. पुढं येणाऱ्यांना उपयोगी पडतील, म्हणाले. दोऱ्याही सव्वीस घरांत तशाच ताणलेल्या ठेवल्या.

खाली उंबरकोळात धुरळा, गाठोडी, ओरडाआरडा. मारुतीपुढं दिवा होता, काल धोंडीरामची राखण होती त्याचा. नलवड्यांच्या घराला गेल्या राखणीपासून तीन आठवड्यांत पोतेरं लागलं नव्हतं, पण अंगण लख्ख झाडलेलं होतं. मैथिलीबाईंनी हातात धरायचं ठावाचं यंत्र वृषालीबरोबर दिलं होतं, परत आल्यावर दीड मिनिटात मोजून कळवा म्हणून. ती उंबरा ओलांडून आत आली, यंत्र फळीवर ठेवलं आणि हातातला ओळंबा घेऊन मधल्या खोलीत गेली. चौदा महिन्यांत पाचसहा वेळा वर जाऊन आलेला तो ओळंबा तिनं त्याच्या जुन्या खुंटीला अडकवला. दोरी थोडी हेलकावली आणि थांबली. भिंतीशी बरोबर समांतर.

सदोबा तिच्या मागं उभे होते. त्यांनी दोरीकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. भिंतीला त्यांनी हात लावला नाही. चौदा वर्षांपूर्वी या घरात आलेल्या सुनेच्या डोक्यावर त्यांनी तळहात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि "चुलीचं बघ आता" म्हणून ते बाहेर सपकाळांची गाडी उतरवायला गेले.

दारात रणजित गाठोडं घेऊन उभा होता. त्यानं ते बघितलं होतं.

"दोनदा?" तो म्हणाला.

"दोनदा," वृषाली म्हणाली. फळीवरच्या यंत्राची तिला संध्याकाळपर्यंत आठवण झाली नाही.